निवटी

सरसोळ्याच्या जेट्टीपाशी, ओहोटीला,
गुडघाभर गाळात उतरून मी निवट्या धरते.
एक हात बिळात, कोपरापर्यंत,
दुसऱ्याने बिळाचं मागचं दार बुजवायचं.
निवटीच्या घराला मागचं दार असतंच.
एवढं आईने शिकवलं. बाकी गाळाने.

ज्यांच्याकडे भांडी घासते, त्या सतराव्या मजल्यावर
एकदा टोपली घेऊनच गेले.
शर्वने आत डोकावलं.
"मावशी, ही माझ्याकडे बघतेय."
वीस रुपयांत एक दिली. कालवणाला नव्हे,
पाळायला.
असं गिऱ्हाईक मला जन्मात पहिलंच.

काचेच्या टाकीत आधीचे तीन सोनेरी मासे,
निळे खडे, एक प्लास्टिकचा किल्ला, बुडबुडे.
मासे बोलले असं मी म्हणणार नाही.
पण भांडी घासताना पाठ तिकडे असली
की पाठीला ऐकू येतं.

थोरला सोनेरी म्हणाला, "बरं झालं आलीस.
इथे बगळा नाही. दोन वेळचं वरून पडतं.
पाणी एकाच उंचीवर राहतं."
"एकाच?"
"सहा वर्षांत बोटभर हललं नाही."
"मग तुम्हाला कळतं कसं,
कधी निघायचं आणि कधी परतायचं?"

धाकट्याला हा प्रश्न आवडला नाही.
किल्ल्याला एक फेरी मारून आला आणि म्हणाला,
"तिकडे तुला खातं कोण कोण?"
निवटीने मोजायला घेतलं.
बगळा. ढोकरी. पाणसाप. चिंबोरी.
गावातली पोरं.
"आणि ही, जी भांडी घासतेय."
"आणि तरी?"
"तरी संध्याकाळी, ऊन तिवरांत उतरलं की,
आम्ही पाठीवरचं शीड उभं करतो
आणि उड्या मारतो. गाळावर. उघड्यावर."
"कशासाठी?"

निवटीला उत्तर आलं नाही.
मलाही येईना.
मी तीच कढई दोनदा घासली.

अमावास्येला उधाण आलं.
सतराव्या मजल्यावर खाडी कळायची कशी?
पण कळली.
रात्रभर काचेला पोटाने चिकटून ती वर, अजून वर,
झाकणाला डोकं लावून बसली.
सकाळी शर्वने खाणं टाकायला झाकण उचललं
आणि ती लादीवर.
मग पायपुसणं. मग फ्रिजखाली, अंगाला धूळ, केस,
एक वाळका वाटाणा.
ओल्या फडक्यात धरली तेव्हा
कल्ले मिटून टकामका बघत होती,
चूक केल्यासारखी मुळीच नाही.

शर्व म्हणाला, "तिकडे सोडली तर तिला कुणी खाईल?"
"खाईल."
"उद्या?"
"आजही खाईल."
तो टाकीसमोर बराच वेळ बसला.
मग स्वतःचा डबा आणला,
झाकणाला भोकं पाडून.

जेट्टीवर पोचले तर पाणी उतरायला लागलेलं.
आणि दहा पावलांवर बगळा,
पांढराफटक, एका पायावर, कुणाची घाई नसलेला.
हुसकावायला मी दगड उचलला.
तेवढ्यात हिने डब्याच्या काठावरून
चिखलात अंग टाकलं.
बिळाकडे नाही गेली.
मोकळ्यावर थांबली, शीड उभं केलं,
आणि त्याच्या डोळ्यांदेखत एक उडी. मग दुसरी,
तिरकी.
दगड माझ्या हातातच राहिला.

पुढचं पाहिलं नाही.
गावात साडेनऊला नळ जातो.

शर्व अजून विचारतो. मी सांगते, ठाऊक नाही बाबा.
टाकीचं झाकण तो हल्ली लावत नाही.
मासे वर येतात, खातात,
किल्ल्याला फेरी मारतात.

मी निवट्या धरतेच. पोट आहे.
एक हात बिळात, कोपरापर्यंत.
फक्त मागच्या दाराशी दुसरा हात
कधीकधी जरा उशिरा पोचतो.
सून हसते.
वय झालं, म्हणते मी.